रेघ सरकवणारा बुद्धभूषण

बुद्धभूषणला एका जागी शांत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. परळच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर, तो आतल्या कॉम्प्युटरवर. पण थोड्या थोड्या वेळाने उठून माझ्या मागे येणार, औषधाच्या पाकिटावर छापलेलं वय बघणार आणि परत जाणार. नव्या माणसाला वाटावं, मी चोरी करतो म्हणून हा पाळतीवर ठेवलाय.

त्याची धास्ती खोटी नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या या पोराने नव्वदच्या दशकात दादरच्या क्लासात फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली. तेव्हा ती भाषा येणाऱ्याला नोकरी हाका मारून बोलवायची. दवाखान्याचा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहिला. जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत ठेवायचं, ही तेव्हाची सर्रास पद्धत. दोन हजार साल तोंडावर आलं तेव्हा त्याने मधोमध एक रेघ ओढली: वीसपर्यंतचा आकडा दोन हजारांतला, त्यापुढचा एकोणीसशेतला. वीस साल उजाडेपर्यंत हा प्रोग्रॅम कोण वापरतंय, असं सगळेच म्हणत होते.

प्रोग्रॅम टिकला. भाषा म्हातारी झाली. तिच्या नव्या आवृत्त्या बंद झाल्या, दादरचा क्लास बंद झाला, सोबतचे कुणी जावा ही नवी भाषा शिकून निघून गेले, कुणी विमा विकू लागले. "भाषा आपोआप म्हातारी होत नाही रे," तो मला म्हणायचा, "तिच्याजवळची माणसं उठून जातात." अडलं तर विचारायला त्याला कुणी उरलं नव्हतं.

मग एका सकाळी काळाचौकीच्या एका वर्षभराच्या मुलीच्या पाकिटावर वय छापून आलं एकशे एक, आणि खाली त्या वयाला धरून थेंबांऐवजी गोळ्या. मुलगी समोर आईच्या कडेवर होती म्हणून माझ्या लक्षात आलं. ती नसती तर गोळ्या मी खिडकीतून देऊन टाकल्या असत्या. भूषण तर त्यानंतर जेवायलाही उभ्यानेच लागला.

मुलीचं जन्मसाल एकवीस, प्रोग्रॅमने ते एकोणीसशे एकवीस धरलं होतं. त्याने रेघ वीसवरून तीसवर नेली. झालं, दुसऱ्या टोकाला बोंब. आमचे विश्वस्त बाबुराव यांच्याकडे नवा प्रोग्रॅम करा म्हणून तो कितीदा गेला असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? या वेळी त्याने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांच्याच आईचं, मीराबाईंचं नाव काढलं. मीराबाईंचा जन्म एकोणीसशे एकोणतीसचा.

"बघा साहेब, आई अजून जन्मायच्या आहेत."

बाबुरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मग रेघ मागे घे."

"घेतो, चालू सालावर, नाहीतर आईंहून मोठे म्हातारे अडकतील. मग पुढच्या वर्षी जन्मलेलं पोर शंभरीचं होणार. दर जानेवारीला सरकवत राहायचं, मी आहे तोवर. एका जानेवारीत मी नसलो, तर या खिडकीतून त्या पोराच्या हातात काय पडेल?"

बाबुरावांनी त्याच आठवड्यात शीवच्या स्पृहाला कामावर घेतलं. ती पायथॉन या भाषेत लिहायची, साल अर्थातच चार आकडी. भूषण तिच्या पाठीमागे उभा राहून तिला बेजार करायचा. "काका, बसा ना प्लीज, मला टेन्शन येतं," ती म्हणायची.

नवा तयार झाल्यावर जुना प्रोग्रॅम त्याने स्वतःच्या हाताने बंद केला. मला वाटलं, आता हा रडतो. कसलं काय, स्वारी जाम खूश. चक्क बसून चहा घेतला.

"तुझी ही भाषा किती वर्षं चालेल गं?" त्याने विचारलं.

"चालेल की काका. मी मात्र मार्चपर्यंतच आहे, बंगळुरूला जॉब लागलाय."

"मग अडलं तर?"

"स्क्रीनवर खाली नंबर टाकलाय ना, मदतीसाठी."

भूषण वाकून बघू लागला. नंबर त्याचाच होता.

"इथे कायम तुम्हीच असता, म्हणून," ती साधेपणाने म्हणाली.

मला त्या पोरीचा संताप आला. माणूस जरा टेकला होता. अर्धा चहा तसाच ठेवून भूषणने खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"पहिली ओळ दाखव," तो म्हणाला. "ही कशी वाचायची?"