कड्यावरची हाळी

तोरणमाळला आलेले लोक चहा पिता पिता मला विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे? मी बोट दाखवते. तळं त्या बाजूला, गोरखनाथाचं देऊळ त्या बाजूला, सीताखाई पुढे. अनोळखी माणसासमोर माझी जीभ जड होते. म्हणून सांगायचं राहिलेलं मी मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं याला पुरतं.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत गाडी घाट चढते. वर आलं की एकदम सपाट जमीन लागते आणि मोठं तळं दिसतं. दुसरं एक तळं कमळांचं आहे. महाशिवरात्रीला नाथाच्या यात्रेला लोक पायी डोंगर चढून येतात. पूर्वी इथे कोण्या राजाचा किल्ला होता म्हणतात. त्या तटाचे दगड अजून झाडीत आहेत, आमच्या शेळ्या त्यांवर चढून बसतात. पंचायत, आश्रमशाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, सगळं चालत जाण्यासारखं. बाहेरचे याला हिल स्टेशन म्हणतात. आम्ही गावच म्हणतो.

आणि एक कडा आहे. माझी चहाची टपरी त्याच्याजवळच आहे. कड्याखाली दरीत एक पाडा आहे, बारा-पंधरा घरांचा. माझी नणंद तिथे दिली आहे. खाली फोन लागत नाही. कोणी आजारी पडलं तर खालचे हाळी देतात. एक लांब हाळी म्हणजे ऐका. वरून ओ दिला की मग तीन तुटक हाका येतात. त्याचा अर्थ, माणसाला झोळीतून आणतोय, मदतीला उतरा. झोळी म्हणजे बांबूला बांधलेली चादर. वरून खाली बोलवायचं असलं तरी हीच रीत. हाळी ऐकून घरात बसून राहणं आमच्यात नाही.

दोन वर्षांपूर्वी पर्यटकांना आणणाऱ्या एका जीपवाल्याने तिथे पत्र्याची पाटी ठोकली. तो खालच्या सपाटीचा, अहिराणी बोलणारा. लाल रंगात त्याने स्वतःच लिहिलं, ‘इको पॉइंट. मोठ्याने आवाज द्या. दरी उत्तर देईल.’

पाटी लागली त्याच आठवड्यात नणंदेचे सासरे दुपारी धापा टाकत वर आले. खांद्यावर बांबू, कमरेला गुंडाळलेली चादर.

“कोण पडलं?” त्यांनी मला विचारलं.

“कोणी नाही, बाबा. हे लोक हौसेने ओरडत होते.”

“आम्ही ओ दिला तरी पुन्हा ओरडत होते. मला वाटलं, वरचे बहिरे झाले.”

पर्यटकांनी त्यांच्याबरोबर, बांबूसकट, फोटो काढले. एकीने बिस्किटाचा पुडा दिला. तो त्यांनी घेतला, चहा प्यायले आणि उतरताना म्हणाले, “पोरी, असं दोन-चारदा झालं तर खाली कोणी कान देणार नाही. वर तरी कोण देईल?”

तसंच झालं. दिवसभर ओरडा चाले. गावातल्यांनी कड्याकडे लक्ष देणं सोडलं.

या दिवाळीनंतर नणंद बाजाराला वर आली तेव्हा पोटुशी होती. तिचं पहिलं बाळ पायवाटेवरच गेलं होतं, दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला म्हणून. तिचा नवरा आणि माझा नवरा दोघंही गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, होळीशिवाय येणार नव्हते. ती टपरीवर टेकली आणि म्हणाली, “भाभी, माझी हाळी आली तर तू तरी ऐकशील ना?”

मी मान डोलावली.

पुढे ग्रामसभा झाली. मी कागदावर लिहून नेलं, ‘कड्यावर ओरडू नये. खाली माणसे राहतात.’ सभेत नळाच्या पाइपाचं बोलणं झालं, तळ्याकाठच्या कचऱ्याचं झालं. सरपंचांनी विचारलं, “बायांचं काही?” शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. “बोल ना. कागद आणलाय ना?”

“राहू दे.”

“मग चुलीत घाल, चहा तरी उकळेल.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. कागद पोलक्यातच राहिला. घरी येताना कोणाकडे बघवेना, कारण सरपंचांनी विचारलं होतं आणि गप्प मी राहिले होते.

थंडी ओसरत आली तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला तोच जीपवाला सुरतेचं एक मोठं कुटुंब घेऊन आला.

“बहीण, आठ चहा ठेव. या लोके सुरतथून येल शेतस. आज चांगला वरडतीन.”

मी पातेलं चढवलं.

“मुकी शे का वं तू? दोन वरीस व्हयनात, तुन्हा एक सबद आयकेल नही मी.”

कुटुंब ओरडायला लागलं. नवरा बायकोचं नाव घेऊन, बायको नवऱ्याचं. दरी ते परत पाठवत होती. त्या गोंगाटात मला वेगळंच काही ऐकू आलं. दरीतून परत येणारा आवाज दर वेळी बारीक होत जातो. हा बारीक होत नव्हता. मी नीट ऐकायला गेले तर पुन्हा सगळे ओरडले.

मी कड्यावर गेले. “गप्प राहा,” म्हणाले, पण ते मलाच ऐकू आलं नाही. मग ओरडले, “गप बसा सगळे.”

सगळे वळून बघायला लागले.

“खाली माझी नणंद आहे. तिचे दिवस भरलेत. मला ऐकू द्या.”

ते खरंच गप्प झाले. नुसता वारा ऐकू येत होता. मग लांब हाळी आली, म्हाताऱ्याच्या आवाजातली. मी तोंडाशी हात धरून ओ दिला. आवाज फाटला. पुन्हा दिला. खालून तीन तुटक हाका आल्या.

“नीचे लोग रहते हैं?” त्या कुटुंबातल्या एकाने जीपवाल्याला विचारलं. जीपवाला माझ्याकडे वळला. मला म्हणाला, “कथाईन आनतीन तिले?”

“पिंपळाजवळून वाट वर येते.”

“मी गाडी लावस तठे.”

घरोघरी जाऊन मला चार बाया आणि दोन म्हातारे मिळाले. अर्ध्या वाटेवर झोळी भेटली. पुढे सासरे, मागे पाड्यातल्या बाया. नणंदेने पदराचं टोक दातात धरलं होतं. आम्ही खांदे बदलत चढलो. पिंपळाजवळ जीप उभी होती, आत कोणीतरी आपली शाल पसरून ठेवली होती.

दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या.

नणंद डोळे उघडून म्हणाली, “भाभी, वरून ओ देणारी तू होतीस? आम्हाला वाटलं, वर कोणी बाई भांडतेय. सासरे म्हणाले, भांडू दे, ओ तर दिला.” तिला हसू आलं, हसताना दुखलं. “मला हसवू नकोस,” ती म्हणाली. मी तर काहीच बोलले नव्हते.

सासरे बाहेर पायरीवर बसले होते. हाळी देऊन देऊन त्यांचा घसा बसला होता. “खाली बाया वाट बघत असतील,” ते म्हणाले. “त्यांना कळवायला हवं. तू दे.”

“मूल झाल्याची हाळी कशी असते, बाबा?”

“तशी नाहीच. आजवर वाईटच कळवलंय. तू दे कशीही.”

मी कड्यावर गेले. उन्हं कलली होती, तिथे कोणी नव्हतं. मला सुचली तशी हाळी दिली. खालून काही आलं नाही. दुसऱ्यांदा दिली. मग एका बाईने ओ दिला, मग दुसरीने, मग कितीतरी जणींनी एकदम.