पुरासाठी सोडलेलं शेत

भाऊ गेल्याचा निरोप बोरगावला आला तेव्हा मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. डबा ओट्यावर ठेवला, चावी शेजारणीकडे दिली आणि माहेरी जायला सेलूकडची एसटी धरली. रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला, तो राग अजून गेलेला नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या गावाने नदीचं वळण सरळ करून घेतलं. काठचे करंज तोडले, मातीचा बांध घातला, नवी जमीन निघाली म्हणून पेढे वाटले. दोन पावसाळ्यांत बांध फुटला आणि खालच्या वस्तीतली घरं गेली. त्यानंतर भाऊने वळणातल्या आमच्या शेतापुढचा उरलेला बांध स्वतः काढला आणि ते शेत पेरणं कायमचं सोडलं. "पाण्याले पसराले जागा तं पाह्यजे ना," एवढंच त्याचं म्हणणं. पारावरचे विचारत, "काय पेरलं बा यंदा? बेडकं?" तो म्हणे, "हो, पीक चांगलं हाय. बगळे कापणीले येऊन राह्यले." हळूहळू तिथे करंज पुन्हा उभे राहिले, टिटव्या अंडी घालू लागल्या, कासवं दिसू लागली. पूर आधी तिथे पसरू लागला, वस्तीत शिरेना. वस्तीतल्या बायका हे सांगत. पारावरचे म्हणत, पाऊसच कमी झाला.

तेरवीला हेच लोक हात जोडून बोलले... भाऊ किती दूरदृष्टीचा. मग सरपंचांनी जाहीर केलं, त्याच्या नावाने सभागृह बांधू. कुठे? त्याच शेतात, मुरूम टाकून, जमीन उंच करून. मी विचारलं, "अन् पाणी कुठं जाईन?" चहा आला.

परवा भाऊचा मुलगा सभागृहासाठी संमतीचा कागद घेऊन आला. त्या शेताच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. भाऊने हक्कसोड कधी मागितलीच नाही.

"आत्या, सही करून दे. बाबाचंच तं नाव राहीन."

"तुह्या बाबाले पंधरा वर्षं येडा म्हणत होते थे. तवा नाव कुठं गेलतं?"

"आता समदे तयार हायेत."

"वस्तीतल्या बायाईले विचारलं?"

त्याने कागद पुढे सरकवला. त्याला जेवू घातलं आणि कागद घडी करून त्याच्याच खिशात ठेवला. सही मी करणार नाही. हे लिहिलेलं छापून आलं की गावाला वेगळं कळवायला नको.

काल शेतावर जाऊन आले. पूर ओसरला की करंजांना अडकलेल्या चिंध्या, काडीकचरा भाऊ काढून टाकायचा. यंदाचा तसाच लोंबत होता. पदर खोचून काढायला लागले. वरच्या फांद्यांना माझा हात पोचेना, इतकं पाणी इथे चढलं होतं. पूर आला त्या दिवशी खालच्या वस्तीत चुली पेटलेल्या होत्या.