मेथीवरचं प्लॅस्टिक

प्रणिता सबनीसने चव्वेचाळीस वर्षांत कधी मातीत हात घातला नव्हता. ती वाढली कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे गॅलरीत एक तुळस होती आणि तिला पाणी घालायचं काम वडिलांनी स्वतःकडे ठेवलं होतं, कारण बाकीचे सगळे पाणी सांडतात असं त्यांचं ठाम मत. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, उदयशी लग्न आणि उदयच्या पाठोपाठ जपान. कावासाकीत येऊनच त्यांना बारा वर्षं होत आली होती. त्यातली बरीचशी प्रणिताने टोकियोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करण्यात घालवली. या जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि नेहमीसारखं पुढे वाढलं नाही.

दुसरी नोकरी ती शोधतच होती. पण इंटरव्ह्यू आठवड्यात एखादा. मग सकाळी उदय ऑफिसला आणि लेक मिताली शाळेत गेली, की घर आवरून झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या बाजूला बघत उभी राहायची. घर भाड्याचं, दुमजली, अगदी छोटं. मागची भिंत आणि रेल्वेचं कुंपण यांच्यामध्ये दोन हात रुंदीची जमिनीची पट्टी होती. तिथे नुसतं तण माजलेलं.

शेजारीच घरमालकीण राहायच्या, ओत्सुबो-सान. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण सायकलवरून बाजारहाट करणाऱ्या. प्रणिताने त्यांना विचारलं, "मागे थोडी भाजी लावली तर चालेल का?"

"लावा की," त्या म्हणाल्या. "फक्त मोठं झाड नको. मुळं भिंतीत शिरतात."

फेब्रुवारीच्या शेवटी अचानक ऊन पडलं. लोक कोट हातात घेऊन फिरायला लागले. प्रणिताने दोन दिवस कंबर मोडेस्तोवर खणलं, खताची पोती आणून मातीत मिसळली, एका वाफ्यात मेथी आणि धने पेरले, दुसऱ्यात बटाटे लावले. मेथीचे दाणे तर स्वयंपाकघरातलेच होते, डब्यातले. आठवडाभरात ते उगवले तेव्हा तिने मितालीला हाताला धरून मागे नेलं.

"बघ, किती दाट आलीय!"

"सामुई," मिताली म्हणाली. म्हणजे थंडी वाजतेय. बारा वर्षांची ही मुलगी मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र जपानीत द्यायची. तरी जाता जाता तिने फोनवर एक फोटो काढला.

थंडीचं तिचं म्हणणं खरंच होतं. आलेलं ऊन चार दिवसांत गायब झालं आणि पुन्हा हिवाळा सुरू झाला. ओत्सुबो-सान मधल्या कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "घाई केलीत. इकडचा मार्च फसवा असतो. आता निदान झाका तरी."

प्रणिताने शंभर येनच्या दुकानातून लवचीक कांबी आणल्या, त्या मेथीच्या वाफ्यावर कमानीसारख्या खोचल्या आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक ओढलं. ते एका जागी फाटलं, तिथे मितालीच्या क्राफ्टच्या डब्यातली गुलाबी चिकटपट्टी लावली. कडांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या. आत मेथी उबेत वाढायला लागली. रोज सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब जमलेले असायचे, आणि ते बघून तिला बरं वाटायचं. नोकरीसाठी केलेल्या अर्जांना असं रोजच्या रोज काही येत नव्हतं.

मग एका सोमवारी दक्षिणेकडून वारा सुटला. टीव्हीवर आदल्या दिवसापासून सांगत होते की वसंतातला पहिला मोठा वारा येतोय, बाहेरच्या वस्तू बांधून ठेवा. प्रणिताने कपडे वाळत घालायच्या काठ्या खाली उतरवल्या, सायकली आडव्या केल्या आणि वाफ्याभोवती आणखी चार बाटल्या ठेवल्या. सकाळी घराची दारं थडथडत होती. उदय छत्री न घेताच निघाला, कारण उघडली असती तर उलटीच झाली असती.

थोड्या वेळाने ती मागे गेली तर बाटल्या इकडेतिकडे लोळत होत्या. कांबी जागच्या जागी होत्या. प्लॅस्टिक नव्हतं.

तिने शेजारच्या अंगणात पाहिलं, गल्लीत पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. उदयचा मेसेज: "ट्रेन थांबलीय. ओव्हरहेड वायरवर काहीतरी उडून अडकलंय म्हणे. मीटिंग गेली."

ती धावत वरच्या मजल्यावर गेली आणि खिडकी उघडली. रेल्वे फाटकाच्या पलीकडे, रुळांच्या वर, एक लांब पारदर्शक प्लॅस्टिक फडफडत होतं. त्याच्या मधोमध गुलाबी पट्टी.

तिने उदयला लिहिलं, "ते माझं आहे. मेथीवरचं."

इथे ट्रेनच्या डब्यात फोनवर बोलत नाहीत, त्यामुळे त्याचे मेसेज एकामागून एक आले. "काय???" मग, "गप्प बस. कोणाला काही सांगू नकोस." मग, "आपला परमनंट रेसिडेन्सीचा अर्ज अजून इमिग्रेशनकडे आहे. विसरलीस का?"

ती विसरली नव्हती. दोन वर्षं कागद गोळा करून त्यांनी तो अर्ज भरला होता. ती खिडकीशी उभी राहिली. खाली फाटक बंद, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. पट्टी पाहून हे प्लॅस्टिक कुणाचं ते कोणीही ओळखणार नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं. पण नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून, त्या कुठून झाल्या ते लिहून देण्याचंच काम तिने केलं होतं. आपली चूक समोर लटकत असताना खिडकी लावून चहा पिणं तिला जमेना. तिने जॅकेट चढवलं आणि वाऱ्याला डोकं लावून स्टेशन गाठलं.

स्टेशनवर ही गर्दी. खिडकीवर टोपी घातलेली एक तरुण कर्मचारी प्रत्येकाची वाकून माफी मागत होती. प्रणिताची पाळी आली.

"माफ करा. वायरवरचं ते प्लॅस्टिक माझ्या भाजीच्या वाफ्यावरचं आहे."

मुलीने पेन उचललं. मग तिने विचारलं, "त्याला तार आहे का? धातूचं काही?"

"नाही. कांबी वाफ्यातच आहेत, मी पाहिल्या. नुसतं पातळ प्लॅस्टिक आहे. साधारण तीन मीटर. एक कागदी चिकटपट्टी आहे."

"नक्की?"

"नक्की."

मुलगी लगेच आत जाऊन फोनवर बोलली. परत आली तेव्हा तिने सांगितलं की धातू असेल की काय म्हणून दुरुस्तीचे लोक थांबले होते, आता ते काम सुरू करतील. तिने नाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात मुद्दाम आलात, आभारी आहे." प्रणिताने इतक्या वेळा वाकून माफी मागितली, की मागच्या रांगेतल्या माणसाने घसा खाकरला.

ती घरी पोचेपर्यंत फाटक उघडलं होतं.

संध्याकाळी उदय आला. बूट काढले, हात धुतले, जेवायला बसला. ट्रेन उशिरा असल्याचा स्टेशनवरचा दाखला त्याने ऑफिसात द्यायला घेतला होता, तो तसाच खिशात राहिला होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मला वाटलंच." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "माझ्या शेजारचा माणूस सारखा घड्याळ बघत होता. त्याला कुठे विमान गाठायचं होतं. मी मान खाली घालून उभा. जणू मीच फेकलंय ते."

"सॉरी, उदय."

"मेथी तरी आहे का जागेवर?"

मेथी होती. वाऱ्याने लोळली होती, पण मुळं धरून होती.

दोन दिवसांनी रेल्वेकडून फोन आला. प्रणिताने उभ्यानेच घेतला. पलीकडच्या गृहस्थांनी हवापाण्याची चौकशी केली आणि यापुढे असं काही झाकलंत तर कडा मातीत पुरा, अशी विनंती केली. बस, एवढंच. फोन ठेवल्यावर ती तिथेच खुर्चीत बसली, आणि मग तिने उदयला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याने "हं" म्हटलं, पण मोठा श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

नवं प्लॅस्टिक तिने आणलं नाही. मार्चच्या शेवटी, चेरीला कळ्या फुटलेल्या असताना, बर्फ पडला. दुपारपासून भुरभुर सुरू झाली तशी ती जुन्या सुती साड्या घेऊन मागे गेली. मिताली न बोलवता आली, आणि दोघींनी साड्या वाफ्यांवर पसरून कडांवर मातीचा थर दिला. ओत्सुबो-सान कुंपणापलीकडून बघत होत्या. "फारच सुंदर पांघरूण," त्या म्हणाल्या.

तरी नुकसान झालंच. धने पार गेले. बटाट्याचे वर आलेले कोंब काळे पडले. मेथी अर्धीअधिक वाचली. एप्रिलमध्ये तिने पहिली जुडी खुडली आणि शेजारी नेऊन दिली. ओत्सुबो-साननी ती पालकासारखी उकडली, वर सुक्या माशाचा कीस घातला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "कडू आहे. पण माझ्या वयाला कडू आवडतं."

एप्रिलअखेर प्रणिताला योकोहामात नोकरी लागली, आठवड्यातून तीन दिवस घरून. बटाट्याला खालून पुन्हा कोंब फुटले होते. जूनमध्ये एका रविवारी उदय हाफ पँटवर मागे आला आणि म्हणाला, "दे ती खुरपी इकडे." त्याने उकरायला सुरुवात केली. पहिला बटाटा त्याने मधोमध कापला, दुसरा सोलला, तिसरा अख्खा निघाला.

"हळू रे," ती म्हणाली आणि शेजारी बसून हातानेच माती बाजूला सारू लागली.