चपलांची रांग

त्या माणसाची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं. नाव मला ठाऊक नाही.

तीस वर्षं वाजवणारा रॉक बँड पहिल्यांदाच जबलपूरला येणार होता. राइट टाउनमधल्या तिकीट खिडकीपुढे आम्ही पहाटेच रांग लावली. ऊन चढलं तसे सगळे जागेवर आपापली चप्पल ठेवून झाडाखाली गेले. पहिली चप्पल त्याची होती. पन्नाशीचा, केस पिकलेला, मांडीवर सतत बोटांनी ठेका धरणारा माणूस. कुणी आपली चप्पल पुढे सरकवली की तो ती उचलून मुकाट्याने मागे ठेवायचा.

अकराला खिडकी उघडली ती 'टिकट खत्म'ची पाटी लावायला. एकही तिकीट विकलं नव्हतं. सगळी तिकिटं पास म्हणून आधीच साहेबलोकांच्या घरी पोचली होती. लोक शिव्या देत चपला घालून निघाले. हा हलेना.

"चलो भैया, खत्म हो गया," मी म्हटलं.

तो खिडकीकडे बघत मराठीत पुटपुटला, "काहून जाऊ? माझा पहिला नंबर आहे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो मैदानाच्या भिंतीबाहेर दिसला. स्कूटरच्या सीटवर उभा राहून प्रत्येक गाणं म्हणत होता. मीही माझी स्कूटर शेजारी लावून वर चढलो. आत पुढच्या तीन रांगा पांढऱ्या सोफ्यांच्या होत्या. सगळे सोफे रिकामे.

त्याने मला ओळखलं. बोटांचा ठेका थांबला.

"पाहून घ्या भैया," तो म्हणाला, "आपल्या नंबरवर सोफे गाणं ऐकून राहिले."