जतन केलेला शिलालेख

ऑइलपेंटचा वास आला की केज तालुक्यातल्या एका गावाचा पार आठवतो. साप्ताहिक चालवता चालवता मी पंचायत समितीवर निवडून आलो होतो आणि उरलेल्या वेळात तालुक्याचा इतिहास लिहीत होतो. त्या पाराला एक शिलालेख टेकवून ठेवलेला होता. त्याची शेवटची ओळ तेवढी लागायची राहिली होती आणि गावाचं जुनं नाव तिच्यातच असावं, असा माझा अंदाज होता. ओल्या कागदावर अक्षरांचा ठसा घ्यायचा म्हणून सामान घेऊन पोचलो, तर दगड लखलखीत निळा झालेला. शेजारी सरपंच हार घेऊन उभे होते. "साहेब, लई खड्डे होते दगडाला. पुट्टी भरून समदे बुजवले." मी म्हणालो, "अहो, ती अक्षरं होती! बुजवली कावून?" सरपंचांचा चेहरा पडला. "तुमीच भाषणात म्हणलात ना, जतन करा म्हणून?" पारावरचा एक म्हातारा मेंढपाळ त्यांच्या मदतीला आला. "आता कितीबी पाऊस पडू द्या, काई होत न्हाई त्याला." मी कोपरा खरवडून पाहिला, पुट्टीबरोबर दगडाचा पापुद्राच हातात आला. निळ्यावर पिवळ्या रंगात माझं नाव होतं आणि खाली 'यांच्या प्रयत्नातून'. मागच्या महिन्यात एका संशोधकाचा फोन आला. तो त्या गावी जाऊन आला होता. शिलालेखात काय लिहिलंय, असं त्यानं विचारलं, तेव्हा लोकांनी त्याला माझं नाव वाचून दाखवलं.