भागीरथाबाईची बोहनी

भागीरथाले पगार होता. आता हे ऐकून तुमी म्हणाल, शाळेत बाई असंन, नाई तं बँकेत असंन. तसं काही नाई, बाप्पा. आमच्या इकडे निराधार योजनेच्या पैशालेच पगार म्हणतात. लहानपणी पोलिओनं डावा पाय नेला, मंग अपंगाचं सर्टिफिकेट आलं, अन् त्या सर्टिफिकेटवर पगार सुरू झाला. फोनवर टुंग वाजलं का तिची माय मैनाबाई वसरीतून साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी वरडे, "झाला वो आमच्या पोरीचा पगार!" गल्लीतल्या पोट्ट्यांनी बीएड केलं, डीएड केलं, पण त्यांच्या मायांच्या नशिबी असं वरडणं नव्हतं.

गाव म्हणाल तं अकोट अन् दर्यापूरच्या मधातलं. तालुका कोणता ते विचारू नोका. पुढं एका हापिसाची गोठ येणार हाये, उगाच कोण्या टेबलाले ठसका लागाले नोको.

तं ही भागीरथा, वय अडतीस, लगन नाई, भावाच्या घरी राहे. जीभ चाले तशीच बोटं चालत. एका वर्षी ऐन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, हंगामात तिच्या भावाचा, श्यामचा, फवाऱ्याचा पंप बंद पडला. श्याम तसा गरीब माणूस, पण त्यानं रागानं पंप अंगणात फेकला, अन् तो गडगडत आला भागीरथाच्या बाजेपाशी. तिनं भाजी चिराच्या चाकूनं अन् केसातल्या पिनेनं त्याले उघडलं. नोझलात कचरा अडकलेला अन् आतला वायसर झिजून पापड झालेला. तिनं जुन्या स्लीपरच्या रबराचा गोल कापला, बसवला, पंप भरला, दांडी मारली, अन् फवारा सरळ मैनाबाईच्या तोंडावर. साधं पाणी होतं म्हणून बरं.

झालं. श्यामनं वावरात सांगितलं, वावरानं गावाले सांगितलं. दोन वर्षांत वसरीत पंपांची अशी रांग लागे का दवाखान्यात बी नाई. मोबाईलवर पाहून-पाहून ती बॅटरीचे पंपही शिकली. तिचा कायदा एकच, पंप तीन पाण्यानं धुवून आणाचा. नाई धुतला तं सरपंच असो का सरपंचाचा बाप, नळावर परत. "विष तुमच्या अळीसाठी हाये," ती म्हणे, "मले कायले पाजता?"

मंग अडचण काय होती? अडचण हीच होती. पगार त्याले, ज्याले कमाई नाई. दरसाल जितं असल्याचा दाखला हापिसात न्या हे एक, अन् वर्षातून एकदा हापिसातून माणूस येऊन पाही का ही बाई खरंच निराधार हाये का.

त्यासाठी घरात एक नाटक बसवलेलं होतं. समोरच्या घरचे रामराव, सत्तरीचे, दिवसभर ओट्यावर. रस्त्यावर कागदवाला अनोळखी माणूस दिसला का त्यांनी तीनदा खोकलाचं. खोकला आला का मैनाबाईनं अन् वहिनीनं सारे पंप बाजेवर टाकाचे, वर गोधडी, अन् गोधडीवर भागीरथा. तिनं कण्हाचं. येणारा माणूस दारातूनच "राहू द्या, राहू द्या" करत सही करे. एका साली रामरावले खरंच सर्दी झाली. बिचारी भागीरथा तीन दिवस सात पंपांवर कण्हत पडली. चौथ्या दिवशी तिनं श्यामच्या हाती रामरावले खोकल्याचं औषध धाडलं अन् निरोप दिला, "काका, बरे व्हा, नाई तं मी खरीच लुळी होते."

पगार सोडून देवाचं तिच्या मनात यायचं, नाई असं नाई. पण पंप चालतात पाऊस लागल्यापासून हरभऱ्याचा फवारा होईस्तोवर. मंग माघ-फागुनात काय? तिची वहिनी आचल, वाईट नव्हती हो. साबण मागा, रिचार्ज मागा, कधी नाई म्हणे नाई. फक्त विचारे, "कायले पाहिजे?" त्या एका "कायले"चा भागीरथाले लय धसका होता. पगार होता म्हणून तिले ते ऐकावं लागत नव्हतं. पगार गेला तं "कायले" परत आलं, एवढा साधा मामला.

ज्या वर्षी श्रावण दोनदा आला, त्या वर्षी हे नाटक पडलं.

अधिक महिना म्हणजे जवायांचे लाड. गावातले पंजाबराव, त्यांच्याकडे नवा जवाई धोंडे खाले आला होता. नाव स्वप्निल. तीन दिवस सासूनं त्याले तूप अन् पुरणाचे धोंडे खाऊ घातले. चौथ्या दिवशी त्याले समोरचं ताट दिसेना, पोटच दिसे. तिकडे पंजाबरावची कंबर धरलेली, गडी आला नाई, पऱ्हाटीवर मावा, अन् पंपातून धारेऐवजी लाळ गळून राहिलेली. स्वप्निल म्हणे, "मामाजी, मी आणतो दुरुस्त करून, तेवढंच जिरते."

सकाळी आठ वाजता तो निघाला. अंगावर सासऱ्यानं दिलेला नवा शर्ट, कॉलरले लेबल तसंच लोंबून राहिलेलं, पाठीवर पंप. रामरावनं ओट्यावरून पाहिलं, हा तं पंजाबरावचा जवाई. कायले खोकलतात?

"ताई, हा पंप होईन का?"

"धुतला का?"

"अं?"

"तीन पाण्यानं. धुतला का?"

"मी जवाई आहो," स्वप्निल म्हणे.

"मंग काय जवायाच्या हातानं विष जात नाई का? तो नळ पाहा."

गेला बिचारा. धुतला. नवी पँट गुडघ्यालोक ओली. भागीरथानं पंप मांडीवर घेतला अन् पान्याची पेटी ओढली. बोलकं गिऱ्हाईक भेटलं का तिचा हात दुप्पट चाले, अन् जीभ चौपट.

"दिवसाचे किती पंप येतात, ताई?"

"उघाड पडली का पंधरा, कधी वीस."

"बसल्या-बसल्या?"

"मंग? पंप काय नाचून दुरुस्त कराचा असते? माहा पाय कामाचा नाई, पण पंपाले पाय लागतच नाई, भाऊ."

"मंग तुमचं बरं चालते म्हणा."

"बरं? अहो, अकोटवाला पंप ठेवून घेते अन् आठ दिवस चकरा मारवते. मी चहा उकळेस्तोवर देते. चांदूर बाजारची सोयरी माणसं पाहुणपणाले येतात तं पिशवीत नोझल घेऊन येतात. या पट्ट्यात मेकॅनिक म्हणजे मीच हाओ."

लेबलवाला जवाई मान हलवून राहिला. पंप झाला. त्यानं दांडी मारली, धार अशी बारीक, अशी सरळ, जशी हिची जीभ. त्यानं नोट दिली. दिवसाचं पयलं गिऱ्हाईक. तिनं नोट कपाळाले लावली, पान्याच्या पेटीले लावली अन् पेटीतच ठेवली.

तेवढ्यात कंबरेवर हात ठेवून पंजाबराव येताना दिसले. गल्लीच्या टोकावरूनच वरडले, "अवं भागीरथा! जवाईबुवाले नळावर बसवलं का काय वो? धोंड्याचे जवाई हायेत ते! अन् साधे नाई, तालुक्याच्या हापिसात यंदाच निराधारच्या टेबलावर आलेत!"

समोरून रामराव खोकलले. एकदा, दोनदा, तीनदा. बिचारे चौथ्यांदाही खोकलले. पण आता काय उपेग?

भागीरथाच्या हातातला पाना हातातच राहिला. वसरीत अकरा पंप. गोधडी वर दोरीवर वाळून राहिलेली. अन् हिनं स्वतःच्या तोंडानं अकोटपासून चांदूर बाजारलोक आपला धंदा पसरवून ठेवलेला.

चुलीपासून मैनाबाई पदर सावरत धावत आली. "साहेब! साहेब, तिच्या बोलण्यावर जाऊ नोका! पोरीले काही येत नाई हो! टाइमपास म्हणून खेळते ते पंपासंग! भागे, दे ती नोट साहेबाले परत. सेवा केली म्हणा, साहेब, सेवा!"

स्वप्निल लाजला. त्याले काही कोणाचा पगार खायाचा नव्हता, तो तं धोंडे जिरवाले निघाला होता. हळूच म्हणे, "हाव, ताई. पैसे घेतलेच नाई तं धंदा कसला? द्या परत. मले काही दिसलं नाई."

वाट मोकळी होती. पेटी उघडाची, नोट द्याची, पगार चालू. माघ-फागुनचा साबणही चालू.

पण ती नोट बोहनीची होती, दिवसाच्या पयल्या कमाईची.

बोहनी परत करत नसतात. हे वसरीत उभ्या साऱ्यांले माहीत होतं. पंजाबराव तोंड आवळून उभे, कारण त्यांचं किराणा दुकान होतं तेव्हा त्यांनी बोहनीच्या नोटेसाठी सख्ख्या भावाशी भांडण केलं होतं. अन् भागीरथाले बोहनीपेक्षाही एक दुसरंच टोचलं होतं. "पोरीले काही येत नाई." अकरा पंपांच्या मधात बसून हे ऐकाचं?

"माय," ती म्हणे, "मले येते." मंग स्वप्निलकडे पाहून, "साहेब, पंप चालू झाला का नाई?"

"झाला."

"मंग पैसे माहे."

स्वप्निलनं पंप पाठीवर घेतला. "ताई, आज मी जवाई आहो. साहेब सोमवारी होतो. सोमवारी या हापिसात."

"येते. अन् साहेब..."

"हां?"

"कॉलरचं लेबल काढा. सारं गाव किंमत वाचून राहिलं."

सोमवार येईस्तोवर घरात सुतक असल्यासारखं. मैनाबाई भागीरथाशी बोलेना, भांड्यांशी बोले. "काय कमी होतं? घरबसल्या टुंग वाजत होतं!" भांडी काय उत्तर देतात? शनवारी आचल वहिनी ज्वारी निसता-निसता भागीरथापाशी येऊन बसली.

"बाई, एक विचारू? पगार गेला तं तुमाले कायची भीती वाटते?"

भागीरथानं आधी उडवाउडवी केली. मंग बोललीच. "तुह्या 'कायले'ची."

"माह्या?"

"साबण मागितला का तू विचारतं, कायले पाहिजे."

आचलनं सूप खाली ठेवलं. "बाई, अंगाले पाहिजे का कपड्याले, हे विचारते मी! तुमचे भाऊ एकदा कपड्याचा साबण घेऊन आले अन् तुमी तोंड धुतलं त्यानं, आठवते का? दोन दिवस मिरचीसारखं तोंड!"

दहा वर्षांचा धसका, अन् निघाला काय तं साबण. भागीरथा अशी हासली का निसलेली ज्वारी सुपात परत खड्यांत मिसळली.

सोमवारी श्यामनं तिले ऑटोनं नेलं. स्वप्निल टेबलावर होता, आता बिनालेबलाचा. समोर कंप्युटर, मागं दारालोक रांग.

"माहा पगार बंद करा," भागीरथा म्हणे. मागची सारी रांग कान टवकारून.

स्वप्निलनं बटनं दाबली. डोकं खाजवलं. परत दाबली. "ताई, बंद कराची कारणं दिली हायेत यात. मयत. गाव सोडलं. कागद अपुरे. तुमचं कारण यात नाई."

"मंग?"

"आजलोक कोणी आपल्या पायानं बंद कराले आलंच नाई. मयत टाकू का? लवकर होते."

"टाका. अन् पुढच्या पेरणीले तुमच्या सासऱ्याचा पंप भुताकडून दुरुस्त करून घ्या."

रांगेत खसखस पिकली. स्वप्निलही हासला. खालती एक "इतर" होतं, ते सापडलं. "कारण सांगा."

"लिहा, टाइम नाई."

"ताई!"

"खोटं हाये का? मी जिती हाओ हे सांगाले दरसाल ऐन फवाऱ्याच्या दिवसात इथं रांगेत उभी राहते, तवा तिकडं पंधरा पंप परत जातात. जितं असल्याचं काम करू का जितं असल्याचा दाखला आणू?"

स्वप्निलनं काहीतरी टाइप केलं अन् वाचून दाखवलं. "अर्जदार स्वयंरोजगारात व्यस्त असल्याने." भागीरथानं विचार केला. "लय मोठं झालं. पण चालते, भारी वाटते." सही करता-करता ती थांबली. "अन् अपंगाचं सर्टिफिकेट राहू द्या बरं. यष्टीची सवलत मी सोडणार नाई. पगार गेला, पाय तोच हाये."

मंग पऱ्हाटी झाली, हरभऱ्यावरचा फवारा झाला, अन् खरंच माघ आला. वसरी रिकामी. ज्या दिवशी टुंग वाजे तो दिवस आला, फोन मुका. मैनाबाईनं फोनकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, फोन फळीवर ठेवून दिला, अन् तेच भागीरथाले जड गेलं. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पान्याची पेटी पुसून-पुसून तिचा रंग निघाला. भागीरथानं मनात म्हटलंही, "दिली असती ती नोट परत, तं काय आभाळ पडलं असतं?"

चौथ्या दिवशी सकाळी रामराव खोकलले. तीनदा.

जुनी सवय, दुसरं काय! मैनाबाई गोधडी घेऊन धावली, आचल पंप शोधाले लागली, भागीरथा आडवी होऊन कण्हालेही लागली. मंग साऱ्यांच्या ध्यानात आलं का झाकाले पंपच नाई, अन् झाकाचं कोणापासून?

दारात स्वप्निल. एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात पोतं. "ताई, बरं नाई का?"

"बरं हाये!" भागीरथा टुणकन उठून बसली. "नाटकाची रिहर्सल चालू होती. काय आणलं?"

"मिक्सर घरचा. अन् पोत्यात मामाजींच्या गल्लीतले सहा पंप. ते म्हणतात, हंगाम सरल्यावर आतून साफ करून ठेवले तं पुढच्या साली गळणार नाई. तुमी पेरणीच्या टायमाले सांगितलं होतं म्हणे."

तिनं सांगितलं होतं खरं. पण तिचं बोलणं इतकं राहे का त्यातलं कोणी ऐकते, हे तिलेच माहीत नव्हतं.

"धुतले का?" ती म्हणे.

"तीन पाण्यानं," स्वप्निलनं ओल्या बाह्या दाखवल्या. "बोहनी झाली का, ताई?"

"चार दिवसांपासून वाट पाहून राहिली."

"मंग आज उधारी नाई करत," म्हणून त्यानं खिशात हात घातला. भागीरथानं नोट कपाळाले लावली, पेटीले लावली. आतून मैनाबाई साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी वरडली, "झाली वो आमच्या पोरीची बोहनी!"

समोर ओट्यावर रामरावनं मान डोलावली. त्यांचं काम काही गेलं नाई. आताही रस्त्यावर कोणी पंप, पंखा, मिक्सर घेऊन दिसलं का ते तीनदा खोकलतात. फरक एवढाच का आता भागीरथा आडवी होत नाई, पाना घेते.