विम्यात आई-वडील येतात का?

वेलचीचा वास आला की मला वर्तकनगरच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. मला पहिल्या नोकरीचा फोन आलेला आणि मी होकार कळवण्याआधीच आईने पेढे आणून देवासमोर ठेवलेले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा वेळी काय विचारायचं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं. पण बाबांचं हृदयाचं ऑपरेशन खर्चापायी अडलेलं, म्हणून मी भीत भीत कंपनीतल्या बाईंना फोन लावला. "अगं, शुभ कामात आजारपण कशाला काढतेस? हातची नोकरी जाईल," आई दटावत होती. मी कसंबसं विचारलं, "मॅडम, विम्यात आई-वडील येतात का? आधीपासूनचं दुखणं असलं तरी?" "येतात ना, पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवणार तेवढ्यात आईने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "गर्भाशयातली गाठ धरतात का, तेही विचार." ही गाठ तिने बाबांना आणि मला कधी सांगितलीच नव्हती. आता नवी नोकरी घेणारं कोणी मला सल्ला विचारतं, तेव्हा मी सांगते, कंपनीला फोन करण्याआधी घरात कोणाला काय दुखतंय ते विचारून घे.